मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी



आजचा विषय बियाण्याचा नाही, खताचा नाही. तरी शेतीशी त्याचा संबंध आहे. हल्ली बहुतेक गावांत एखादा तरी माणूस असा भेटतो की ज्याच्या गळ्याला पट्टा असतो, आणि विचारले तर तो सांगतो, ‘मानेचं ऑपरेशन झालं, मणके जोडलेत.’ पारावरची मंडळी लगेच हळहळतात की हा आता कामातून गेला. आणि तोच गडी महिन्याभरात पट्टा खुंटीला अडकवून औत धरायला निघतो. मंडळी, ही दोन्ही टोके चुकीची आहेत. मणके जोडलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा शेतात उभा राहतो. मात्र कधी उभे राहायचे हे त्याच्या उत्साहावर ठरत नाही, हाडावर ठरते.

आधी शस्त्रक्रियेत काय करतात ते थोडक्यात सांगतो. आपल्या मानेत सात मणके आहेत. दुसऱ्या मणक्यापासून खाली दर दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. वयाने, ओझ्याने किंवा मार लागल्याने गादी झिजते, मागे सरकते, तिच्या कडेला हाड वाढते. त्याचा दाब हाताकडे जाणाऱ्या नसेवर आला तर खांद्यापासून बोटांपर्यंत ठणका लागतो, मुंग्या येतात. दाब खुद्द मज्जारज्जूवर आला तर प्रकार आणखी वाईट. तेव्हा दुखतेच असे नाही. पण सदऱ्याची गुंडी लागत नाही, हातातली सुई पडते, बांधावरून चालताना झोक जातो. अशा वेळी सर्जन बहुधा गळ्याच्या पुढच्या बाजूने जाऊन ती गादी काढतात आणि दाब मोकळा करतात. रिकाम्या जागी रोग्याच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा किंवा तयार पिंजरा बसवतात, आणि वरून पट्टी व स्क्रूने दोन्ही मणके धरून ठेवतात. मान दुखते मागे आणि टाके पुढे कसे, असे नातेवाईक हमखास विचारतात. पुढून गेले की मज्जारज्जूला धक्का न लावता गादीपर्यंत पोचता येते, म्हणून. ही रीत काही कालची नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील रॉबिन्सन आणि स्मिथ या डॉक्टरांनी ती १९५५ साली मांडली.

आता मुद्द्याची गोष्ट. सर्जनने टाके घातले म्हणजे मणके जोडले गेले असे नाही. त्याने फक्त जोडणीची तयारी केली. जोड धरायचे काम शरीराचे आहे आणि त्याला वेळ लागतो. तुमच्यापैकी ज्यांनी आंब्याची कलमे बांधली आहेत त्यांना हे चटकन समजेल. खुंटावर काडी बसवून आपण प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतो. थोड्याच दिवसांत काडीला पालवी फुटते. नवशिका माणूस म्हणतो, कलम लागले! जाणता माणूस पट्टीला हात लावत नाही. कारण काडी आपल्याच साठ्यावरही चार पाने फोडते. आतला जोड त्या वेळी कच्चा असतो. धक्का लागला की काडी निखळते.

मानेचेही असेच. नसेवरचा दाब निघाला की हाताचा ठणका पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच थांबतो. तीन-चार आठवड्यांत माणसाला हुशारी येते. ही झाली पालवी. हाडाचा जोड तेव्हा कोवळा असतो. तो बऱ्यापैकी धरायला साधारण तीन महिने लागतात आणि पुरता पक्का व्हायला काहींना वर्ष लागते. तोवर सगळा भार त्या पट्टीवर आणि स्क्रूंवर असतो. हाड धरण्याआधी त्यांच्यावर रोज हिसके बसले तर स्क्रू ढिले होतात, क्वचित पट्टीही मोडते.

मराठवाड्यातील एका कापूस उत्पादकाची हकिगत सांगतो. त्याची शस्त्रक्रिया मेच्या सुरुवातीला झाली. हात दुखायचा थांबला, गडी खूश. सहा आठवड्यांनी तपासणीला बोलावले होते, पण तेव्हा मृग बरसला होता आणि पेरणी चालू होती. तो आला नाही. जुलैत कापसावर तुडतुडे दिसले तेव्हा त्याने पाठीवर पंप घेतला. सोळा लिटरचा भरलेला पंप म्हणजे वीस किलोच्या घरात वजन, त्याचे पट्टे दोन्ही खांद्यांवर, आणि फवारताना मान पुढे. चार दिवस त्याने फवारणी केली. काही झाले नाही. काही झाले नाही हेच वाईट झाले, कारण पुढे तो पोतीही उचलू लागला. तोंडात तंबाखूचा विडा होताच. दिवाळीनंतर हाताच्या मुंग्या परत आल्या. एक्स-रे काढला तर एक स्क्रू सैल झालेला आणि हाड जुळलेले नाही. दुसरी शस्त्रक्रिया मानेच्या मागून करावी लागली. मागून करतात ती जास्त दुखते, कारण स्नायू बाजूला सारावे लागतात. खरीप गेला होता तो गेलाच, त्याचा रब्बीही गेला. एक सांगतो, तो माणूस काही निष्काळजी नव्हता. त्याला बरे वाटत होते, एवढेच.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस गळ्याचे असतात. सर्जनला आत जाताना अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला सारावी लागते, म्हणून घसा दुखतो, घास अडकल्यासारखा वाटतो, आवाज बसतो. बहुतेकांचे हे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाते. तोवर कोरडी भाकरी आणि ठेचा बाजूला ठेवावा. भाताची पेज, मऊ खिचडी, आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, ताक असे खावे. ताठ बसून, लहान घोट घेत, बोलता बोलता न जेवता. ठणका लागतो तो पुष्कळदा टाक्यांपेक्षा दोन खवाट्यांच्या मध्ये. त्याने घाबरू नये, तो हळूहळू उतरतो. वेदनेच्या काही गोळ्यांनी शौचास खडा होतो, तेव्हा पाणी, पालेभाजी भरपूर घ्यावी, कुंथू नये.

जखमेवर हळद, तेल, राख, झाडपाला काही लावू नये. टाके निघेपर्यंत ती कोरडी ठेवावी.

झोपायला सैल विणीची बाज नको. ती मधे खचते आणि मान वाकते. खाली जमिनीवरून उठतानाही हिसका बसतो, म्हणून घट्ट गादीचा पलंग किंवा दिवाण बरा. उशी पातळ असावी. उताणे किंवा कुशीवर झोपावे, पालथे झोपू नये. उठताना सरळ उताण्याचे उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे. घरच्या माणसाने हात धरून वर ओढू नये. आपल्याकडे प्रेमाने तसे करतात, पण त्या ओढीने मानेला झटका बसतो.

गळ्याचा पट्टा, ज्याला कॉलर म्हणतात, तो काहींना सहा आठवडे देतात, काहींना थोडेच दिवस, काहींना देतही नाहीत. किती मणके जोडले, कोणत्या पट्टीने जोडले, हाड किती भक्कम आहे, यावर ते ठरते. तेव्हा शेजारच्या गावातल्या अमक्याला पट्टा नव्हता म्हणून आपलाही काढून टाकू नये. तसेच सांगितल्यापेक्षा महिनोन् महिने जास्त वापरूही नये, त्याने मानेचे स्नायू अशक्त होतात. उन्हाळ्यात आत घाम साचून कातडी सोलवटते. आतले कापड रोज बदलावे, हनुवटीखाली पाहत जावे. आणि एक मोठा धोका असा की पट्टा असताना पायाखालचे दिसत नाही. उंबरठा, ओट्याची पायरी, गोठ्यातले शेण, ओला बांध. पडणे हा या काळातला सर्वांत मोठा शत्रू समजावा. रात्री परसाकडे जाताना विजेरी आणि सोबत दोन्ही घ्यावी.

चालायला मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करतात. घरी आल्यावर सपाट रस्त्याने सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे फिरावे आणि दर आठवड्याला थोडे वाढवीत जावे. पडून राहणाऱ्यापेक्षा चालणारा लवकर सुधारतो. मान वळवण्याचे व्यायाम सर्जनने किंवा भौतिकोपचार तज्ज्ञाने दाखवल्याशिवाय करू नयेत. दूरदर्शनवर किंवा मोबाईलवर पाहून तर मुळीच नाही.

आता ओझ्याचे बोलू. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण घोटाळा येथेच होतो.

पहिल्या सहा आठवड्यांत दोन-तीन किलोपेक्षा जास्त काही उचलू नये. दोन लिटर दुधाची किटली चालेल, पाण्याची घागर चालणार नाही. नातवाला उचलून घेणेही नाही. तो खाली बसवलेल्या आजोबाच्या मांडीवर येऊन बसला तर हरकत नाही. सहा आठवड्यांनी एक्स-रे ठीक असेल तर हलकी कामे उघडतात. बांधावर उभे राहून मजुरांकडे पाहणे, पाण्याची पाळी बदलणे, बसून निवडणे-टिपणे. धार काढणे सोपे वाटते, पण म्हशीने लाथ मारली किंवा मान झटकली की आपण मागे पडतो. म्हणून तीन महिने ते दुसऱ्याने करावे. बैलाचा कासराही तसाच, बैल बुजला की सगळा हिसका खांद्यातून मानेत जातो. फवारणीचा पंप, युरियाची ४५ किलोची गोणी, कुदळ, पहार, नांगरट ही कामे तीन महिन्यांच्या एक्स-रेनंतर सर्जनने हो म्हटल्यावरच, आणि तीही टप्प्याटप्प्याने. ट्रॅक्टर आणि फटफटी पट्टा असेपर्यंत चालवूच नये, आणि पुढेही परवानगी घेऊनच. खाचखळग्याच्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसणे हेही चालवण्याइतकेच वाईट. एस.टी.त मागच्या चाकावरची जागा टाळावी.

डोक्यावरचे ओझे मात्र कायमचे सोडावे, असे माझे मत आहे. आपल्या डोक्याचेच वजन साडेचार-पाच किलो असते आणि मान ते दिवसभर पेलते. त्यावर पाण्याचा हंडा, गवताचा भारा, उसाची मोळी ठेवली की सगळा दाब त्याच मणक्यांतून खाली उतरतो. चुंबळ कितीही मऊ असली तरी वजन कमी होत नाही. जोडलेला मणका हलत नाही म्हणून त्याच्या वरच्या आणि खालच्या गादीवर जास्त ताण येतो. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दर वर्षी शंभरात सुमारे तिघांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू होतो, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले. ज्याला ते टाळण्याची आशा आहे त्याने डोके मोकळे ठेवावे.

येथे मला पुरुष मंडळींना दोन शब्द सांगायचे आहेत. पुरुषाची शस्त्रक्रिया झाली की घर त्याला सांभाळते. बाईची झाली की पंधराव्या दिवशी ती चुलीपुढे दिसते आणि विसाव्या दिवशी पाणवठ्यावर. आमच्याकडे आलेल्या एका भगिनीला पोलक्याची आकडी लावता येत नव्हती इतका मज्जारज्जूवर दाब होता. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी पाठवताना मी तिला काही सांगितले नाही, तिच्या नवऱ्याला आणि थोरल्या मुलाला बसवून विचारले, पाणी कोण आणणार? दोघे एकमेकांकडे पाहू लागले. मग मुलाने सायकलीला दोन कॅन बांधायची तयारी दाखवली. पुढे त्यांनी हातगाडी घेतली. चुलीची जागाही त्यांनी कंबरेएवढ्या उंच ओट्यावर केली, म्हणजे मान खाली घालून बसावे लागत नाही. तिची बोटे सुधारायला सात-आठ महिने लागले. पण ती सुधारली, आणि आकडी ती आता स्वतः लावते. ज्या घरात हा पाण्याचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच सुटलेला असतो त्या घरातला रोगी बरा होताना मी जास्त पाहिला आहे.

बोटांवरून आठवले. हाताचा ठणका लवकर जातो, पण बधिरपणा, मुंग्या आणि अशक्तपणा सावकाश जातो. नस दाबली गेली होती महिनोन् महिने, ती आठवड्यात कशी सुधारेल? सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. मज्जारज्जूवर फार काळ दाब राहिला असेल तर सगळे परत येतेच असे नाही. तेथे शस्त्रक्रियेचा पहिला हेतू दुखणे आणखी वाढू नये हा असतो. हे आधी समजून घेतले म्हणजे पुढे सर्जनवर किंवा नशिबावर राग धरावा लागत नाही. बोटांना काम द्यावे. शेंगा फोडाव्यात, वाती वळाव्यात, मणी ओवावेत.

तंबाखूचे सांगितल्यावाचून मी हे भाषण संपवणार नाही, तुम्हाला आवडो न आवडो. हाड जुळायला त्या जागी बारीक रक्तवाहिन्या पोचाव्या लागतात. तंबाखूतल्या निकोटीनने त्या आकसतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाड न जुळण्याचे प्रमाण जास्त असते हे पुष्कळ वेळा दिसून आले आहे. ‘मी ओढत नाही, नुसती मळून खातो’ असे म्हणून सुटका नाही, कारण निकोटीन त्यातही आहेच. आणि आयाबायांनो, मिश्रीही तंबाखूचीच असते. शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधी सोडावी आणि हाड जुळेपर्यंत शिवू नये. ज्या माणसाने तेवढे दिवस काढले त्याने पुढे कशाला परत धरावी, हा त्याचा प्रश्न.

जोडीला मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी; वाढलेल्या साखरेने जखम चिघळते आणि हाडही रेंगाळते. आहारात डाळी, दूध, अंडी, नाचणी, तीळ असावेत. कोवळे ऊन घ्यावे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी दुखणे मारणारी औषधे हाड धरण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतात म्हणून काही काळ टाळावीत, असे बरेच सर्जन सांगतात. तेव्हा अंग दुखते म्हणून गावात परस्पर सुई टोचून घेऊ नये, दुकानातून पुडी आणू नये. आपल्या सर्जनने लिहून दिले असेल तेच घ्यावे.

आणि मान मोडून घेणे! केस कापून झाले की कारागीर हनुवटी धरून कडकन् मान मोडतो आणि आपल्याला हलके वाटते. जोडलेल्या मानेला हा प्रकार जन्मभर वर्ज्य. हाडवैद्याकडे जाऊन चोळून, ओढून घेणेही वर्ज्य. कारागिराला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो सवयीने हात घालायचा.

काही लक्षणांत मात्र उद्यापर्यंत थांबू नये. गळा फुगू लागला, श्वास लागला, थुंकीही गिळता येईना. हातापायांतली ताकद नव्याने कमी झाली. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला. यांपैकी काहीही झाले तर लगेच १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. गळ्याची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत येण्याचा संभव जास्त असतो, पण घरी आल्यावरही लक्ष असावे. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरीला सूज व दुखणे, यांसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जाता जाता, नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका. मान वळेल का? एकाच जागी जोडले असेल तर बहुतेकांना फरक फारसा जाणवत नाही, कारण डोके वळवण्याचे निम्मे काम सगळ्यांत वरचे दोन मणके करतात आणि ते बहुधा मोकळेच असतात. दोन-तीन जागी जोडले असेल तर ट्रॅक्टर मागे घेताना जाणवते. दोन्ही बाजूंना आरसे बसवून घ्यावेत. पट्टी पुढे काढावी लागते का? सहसा नाही. ती आतच राहते. पण शस्त्रक्रियेचे कागद आणि एक्स-रे पिशवीत घालून जपून ठेवावेत, कारण पुढे कशासाठीही भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरला मानेचे आधी सांगावे लागते.

आणि एक शंका मला दर पावसाळ्यात ऐकू येते, की मानेत धातू आहे तर शेतात वीज अंगावर पडेल का? नाही. एवढ्याशा पट्टीने वीज ओढली जात नाही. आभाळात गडगडाट असताना उघड्या रानात किंवा एकट्या झाडाखाली उभे राहण्याचा धोका पट्टी असलेल्याला आणि नसलेल्याला सारखाच. तेव्हा दोघांनीही घर गाठावे.